मेनू चालत नाही? झेड-इंडेक्स वाढवण्याआधी हे बघा

दादर-गिरगावातल्या लहान दुकानांच्या वेबसाइट मी सांभाळते. फराळवाले, क्लासवाले, गणेशोत्सव मंडळं. त्यांची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते: "ताई, मेनू चालत नाही." त्या वाक्याआड निरनिराळे बिघाड असतात. मेनू उघडतच नाही, उघडून लगेच मिटतो, उघडतो पण कशाच्या तरी मागे जातो, किंवा मिटल्यावरही पान अडकून राहतं. यातला कोणता, हे आधी ठरवा. कोडला हात नंतर.

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये, म्हणजे पानाचा कोड तपासायच्या साधनांत, एलिमेंट्स पॅनेल उघडा आणि त्यात मेनूच्या ओळीवर नजर ठेवून बटण दाबा. क्लास किंवा स्टाइल बदलली की ती ओळ क्षणभर चमकते. काहीच चमकलं नाही, तर बहुधा क्लिक तुमच्या स्क्रिप्टपर्यंत पोचलेलाच नाही. डेव्हटूल्सच्याच कन्सोलमध्ये लाल एरर शोधा. भलतीकडेच चमकलं, तर बहुधा एकच आयडी दोन ठिकाणी आहे. मोबाइल आणि डेस्कटॉपसाठी मेनू दोनदा छापला की हे हमखास होतं, कारण 'गेट एलिमेंट बाय आयडी' फक्त पहिला घटक देतं.

पहिला क्लिक वाया जाऊन दुसऱ्याला मेनू उघडत असेल, तर बहुधा स्क्रिप्ट 'स्टाइल डॉट डिस्प्ले' वाचून निर्णय घेतेय. तिथे फक्त इनलाइन स्टाइल, म्हणजे थेट त्या टॅगवर लिहिलेली स्टाइल मिळते. सीएसएस फाइलमधलं 'डिस्प्ले: नन' तिला दिसत नाही. क्लास टॉगल करा (असेल तर काढा, नसेल तर लावा), प्रश्न मिटतो.

उघडून लगेच मिटणाऱ्या मेनूसाठी एलिमेंट्स पॅनेलमधल्या मेनूच्या ओळीवर राइट-क्लिक करून 'ब्रेक ऑन'मधलं 'अॅट्रिब्यूट मॉडिफिकेशन्स' लावा. क्लास बदलताक्षणी स्क्रिप्ट थांबेल आणि तो बदलणारी कोडची ओळ समोर येईल. सहसा बाहेर क्लिक केल्यावर मेनू मिटवणारा कोड 'डॉक्युमेंट'वर बसवलेला असतो, आणि बटणावरचा क्लिक बबल होत, म्हणजे आतल्या घटकाकडून बाहेरच्याकडे चढत, तिथेही पोचतो. त्या कोडमध्ये 'क्लोजेस्ट' वापरून क्लिक बटणाच्या किंवा मेनूच्या आतला आहे का, ते तपासा. असेल तर तिथूनच परत फिरा. दुसरं कारण म्हणजे स्क्रिप्ट दोनदा लोड झालेली. मग एका क्लिकवर टॉगलही दोनदा होतो.

आता झेड-इंडेक्स, म्हणजे कोणता घटक कोणाच्या वर दिसेल हे ठरवणारा आकडा. मेनू बॅनरच्या मागे गेला की सगळे ९९९९ लिहितात, मग कोणीतरी ९९९९९. हा आकडा फक्त त्याच स्टॅकिंग कॉन्टेक्स्टमधल्या, म्हणजे वर-खाली रचलेल्या एकाच गटातल्या, घटकांशी तोलला जातो. दोन मजली चाळीतल्या वरच्या खोलीला कितीही मोठा नंबर द्या, ती शेजारच्या टॉवरच्या वर जात नाही. मेनूपासून वर चढत प्रत्येक पूर्वज घटक (ज्याच्या पोटात मेनू आहे तो) बघा: ट्रान्सफॉर्म, फिल्टर, एकपेक्षा कमी ओपॅसिटी, फिक्स्ड किंवा स्टिकी पोझिशन. यातलं काहीही असलं की तिथे नवा कॉन्टेक्स्ट सुरू होतो. आकडा त्या पूर्वजाला द्यायचा. ट्रान्सफॉर्म आणखी एक गोष्ट करतो: आतली 'फिक्स्ड' ओव्हरले, म्हणजे पानावर पसरणारा पडदा, स्क्रीनऐवजी त्या पूर्वजाला धरून बसते. आणि मेनू मागे न जाता कापल्यासारखा दिसत असेल, तर दोष झेड-इंडेक्सचा नाही, वरच्या कुठल्यातरी 'ओव्हरफ्लो: हिडन'चा आहे.

नवं पान करत असाल तर ही झटापट टाळा. 'डायलॉग' टॅग 'शो मोडल'ने उघडला की तो ब्राउझरच्या टॉप लेयरमध्ये जातो, सगळ्या कॉन्टेक्स्टच्या वर. २०२२च्या मार्चपासून तो सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये आहे. मेनूसाठी 'पॉपओव्हर' अॅट्रिब्यूट आहे. फायरफॉक्सनेही तो २०२४च्या एप्रिलमध्ये आणला.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्या ओव्हरलेची. 'ओपॅसिटी: ०' केलं तरी ती जागेवर असते आणि क्लिक गिळते. दिवाळीच्या आठवड्यात 'ऑर्डर द्या' दाबलं जात नसेल, तर चकल्या तळणाऱ्या बाईंचा धंदा बुडतो आणि तिला कारणही कळत नाही. न दाबल्या जाणाऱ्या बटणावर राइट-क्लिक करून 'इन्स्पेक्ट' म्हणा. बटणाऐवजी दुसराच घटक निवडला गेला, तर चोर सापडला. ओपॅसिटीबरोबर 'व्हिजिबिलिटी: हिडन' लावा आणि ट्रान्झिशन (बदल हळूहळू घडवणारा नियम) दोन्हींना द्या, म्हणजे विरताना झटका बसत नाही आणि टॅबने फोकसही आत शिरत नाही.

ओव्हरले गेली पण पान स्क्रोल होत नाही? बॉडीवरचं 'ओव्हरफ्लो: हिडन' काढायचं राहिलंय. ते काढणारा कोड 'ट्रान्झिशन-एंड'वर, म्हणजे ट्रान्झिशन संपल्यावर येणाऱ्या इव्हेंटवर, टांगलेला असेल तर तिथून हलवा. फोनमध्ये अॅनिमेशन कमी करण्याची सेटिंग असली आणि पानाने तिचा मान राखून ट्रान्झिशन बंद केलं, की तो इव्हेंट येतच नाही.

'हिडन' अॅट्रिब्यूट लावूनही डबा दिसत असेल, तर तुमच्या सीएसएसमधल्या 'डिस्प्ले: फ्लेक्स'ने त्याच्यावर मात केली आहे.

शेवटची तपासणी खऱ्या फोनवर, खऱ्या मराठी मजकुरासह करा. होव्हरवर उघडणाऱ्या मेनूला बोटाचा भरवसा नसतो, म्हणून तो क्लिकवर आणा. तयार टेम्प्लेटमधली 'मॅक्स-हाइट' (कमाल उंची) बहुतेकदा 'होम', 'अबाउट' एवढ्या शब्दांसाठी बेतलेली असते. तिथे 'आमच्याविषयी थोडेसे' किंवा 'वर्गणी भरण्यासाठी' आलं की ओळ दुमडते आणि खालचा 'संपर्क' कापला जातो. ठरावीक उंचीऐवजी ग्रिडची ओळ '० एफआर'वरून '१ एफआर'वर न्या आणि आतल्या डब्याला 'ओव्हरफ्लो: हिडन' द्या. लाइन-हाइटही थोडी वाढवा, नाहीतर वेलांट्या आणि उकार कापले जातात.