सेंद्रिय की रासायनिक? कुंडीत खत घालताना या चुका टाळा

मार्च लागला की आमच्या सोसायटीत कोणी ना कोणी मरगळलेली कुंडी उचलून दारात येतं. प्रश्न ठरलेला: "सेंद्रिय घालू की रासायनिक?" मी आधी मातीत बोट घालायला सांगते. माती कोरडी असेल तर कुठलंच खत नको, आधी पाणी.

सर्वांत जास्त झाडं मी मूठभर युरियाने गेलेली पाहिली आहेत. सहकारनगरातल्या एका काकूंचा मोगरा आठवतो. गच्चीवर बारा कुंड्या, वर्षानुवर्षं फक्त शेणखत. एका वर्षी कळ्या कमी आल्या, तर भाच्याने गावाहून आणलेला युरिया त्यांनी कुंडीला एक मूठ असा टाकला. एप्रिलची दुपार, माती भेगाळलेली. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. युरियात 46 टक्के नत्र असतं. म्हणजे 10 ग्रॅम युरियातलं नत्र शेणखतातून द्यायचं तर साधारण किलोभर शेणखत लागेल. काकूंची मूठ त्याच्या कितीतरी पट होती. खताचं प्रमाण इतकं वाढलं की मुळांना पाणी ओढता येत नाही, उलट मुळांतलंच पाणी बाहेर खेचलं जातं. आम्ही कुंड्या सावलीत नेल्या, खालच्या भोकातून पाणी वाहीपर्यंत चार-चार वेळा धुतल्या. आठ वाचल्या, चार गेल्या. शिवाय नत्राने पाला फोफावतो, कळ्या नाही, त्यामुळे मोगऱ्याला त्याची गरजच नव्हती.

मी 19:19:19 वापरते, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं (विद्राव्य) रासायनिक खत: लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, काट्यावर मोजून, संध्याकाळी, ओल्या मातीत, पंधरा दिवसांतून एकदा. "चमचा अंदाजे" हा प्रकार मला अजिबात पटत नाही.

दुसरी चूक सेंद्रियवाल्यांची. "नैसर्गिक आहे, कितीही घाला" म्हणत गोठ्यातलं ताजं शेण थेट कुंडीत. ते कुजताना तापतं, मुळं पोळतात, आणि त्यातून हुमणीच्या अळ्या आल्या तर त्या मुळं कुरतडतात. झाड उपटलं की पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी सापडते. शेणखत हातात घेऊन बघा. काळपट, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास असेल तरच घ्या. गरम किंवा उग्र वासाचं असेल तर सावलीत ठेवा, महिने लागले तरी.

आणि शेणखत घालून आठवड्यात फुलं मागू नका. जिवाणूंनी ते कुजवल्यावरच मुळांना मिळतं. ज्यांना इतकी वाट बघवत नाही, तेच पुढे युरियाकडे वळतात. मातीचा पोत शेणखत सुधारतं, तातडीची भूक विद्राव्य खत भागवतं. माझ्या गच्चीवर दोन्ही आहेत.

बाकीच्या पटकन सांगते. चहाचा चोथा धुऊनच घाला, दूध-साखरेला मुंग्या लागतात. डीएपी या रासायनिक खताचे दाणे खोडाला टेकवू नका. राख आणि युरिया एकत्र नको, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. धो-धो पावसात रासायनिक खत वाया जातं, पाऊस उघडेपर्यंत थांबा.

जास्वंदीची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर नत्र कमी आहे असं धरू नका. पुण्याकडची काळी माती बहुधा अल्कधर्मी असते, त्यात लोह असूनही झाडाला घेता येत नाही. तिथे चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी करा, युरिया नाही.