मेजर कोणताही असो, मायनर संगीत: तीन वर्षं नीट कशी काढायची

वर्गात वीस मुलं आणि आठवड्याला प्रात्यक्षिकाचे चार तास. भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला बारा मिनिटं येतात. बाकीचा वेळ सगळे मिळून गातात, आणि घोळक्यात प्रत्येकाचा सूर बरोबरच लागतो. मग सेमिस्टरच्या शेवटी बाह्य परीक्षक एकेकाला समोर बसवतात आणि खरा हिशेब तिथे होतो. संगीत मायनर (मेजर या मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय) म्हणून घेताना हा बारा मिनिटांचा भागाकार डोक्यात ठेवला की पुढचं नियोजन सोपं जातं.

प्रवेशाआधी काय विचाराल

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची आहे आणि त्यातले १८ ते २० क्रेडिट मायनरचे असतात. कोणत्या सेमिस्टरला किती, हे विद्यापीठागणिक बदलतं. म्हणून माहितीपुस्तिकेवर न थांबता विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून घ्या आणि पहिल्या दोन वर्षांची पानं वाचा.

माहितीपुस्तिकेत नुसतं ‘संगीत’ लिहिलेलं असतं. ते गायन आहे, तबला आहे, की हार्मोनियम किंवा सतार, हे विचारा. अनेक ठिकाणी शिक्षक एकच असतात आणि गाणाऱ्यांच्या वर्गात तबल्याचे विद्यार्थी ठेका धरण्यापुरते बसवले जातात. तबला शिकायचा असेल तर त्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम आणि स्वतंत्र तास आहेत का, हे प्रवेश अर्ज भरण्याआधीच ठरवून घ्या.

दुसरी गल्लत रकान्यांची. संगीत तीन वेगळ्या दारांनी वेळापत्रकात येऊ शकतं: मायनर म्हणून, ओपन इलेक्टिव्ह (मेजरबाहेरून निवडायचा सुटा विषय) म्हणून आणि सहशैक्षणिक उपक्रम म्हणून. दोन क्रेडिटचं ओपन इलेक्टिव्ह कितीही मन लावून केलं तरी गुणपत्रिकेवर मायनर उमटत नाही. युवा महोत्सवातल्या बक्षिसानेही उमटत नाही. कार्यालयात अर्ज देताना रकाना बोट ठेवून वाचा.

तिसरी गोष्ट तासांची. सिद्धांताच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रात्यक्षिकाच्या एकाला ३०. समजा चार क्रेडिटच्या विषयात दोन सिद्धांत आणि दोन प्रात्यक्षिक आहेत, तर ते ९० तास झाले. पंधरा आठवड्यांत बसवायचे म्हणजे आठवड्याला सहा. विज्ञान शाखेच्या मुलांची प्रयोगशाळा दुपारी असते आणि संगीताचा वर्ग बहुधा त्याच वेळी. अशा वेळी प्रयोगशाळेची सकाळची बॅच मागून घ्यावी. ही अदलाबदल पहिल्या आठवड्यात होते, पुढच्या महिन्यात कोणी दाद देत नाही.

आपली पट्टी शोधा

मिश्र वर्गात शिक्षकांना एकच पट्टी, म्हणजे ज्या सुराला षड्ज मानून गायचं तो सूर, धरावी लागते आणि ती निम्म्या वर्गाला अडचणीची ठरते. मुलांचा आवाज साधारण हार्मोनियमवरच्या काळी एक किंवा काळी दोनच्या आसपास बसतो, मुलींचा काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास. वर्गात जी पट्टी असेल तिच्यात गा, पण घरचा रियाज स्वतःच्याच पट्टीत करा आणि परीक्षेला तीच सांगा.

पट्टी ठरवायची रीत अशी. सकाळी न ओरडता मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत खाली उतरता आलं पाहिजे आणि वर तार (वरच्या सप्तकातल्या) गंधारावर निदान तीन-चार सेकंद थांबता आलं पाहिजे. खाली आवाज नुसती हवा होत असेल तर अर्धा सूर वर घ्या, वर मान ताणली जात असेल तर अर्धा सूर खाली. मोठ्या गायकाची पट्टी आवडली म्हणून ती घेणारे विद्यार्थी दोन महिन्यांत घसा धरून बसतात.

तंबोरा विकत घ्यायची घाई नको. मोबाइलवरचं तंबोऱ्याचं ॲप पुरतं, फक्त आवाज छोट्या स्पीकरवर घ्या. फोनच्या स्पीकरमधून खर्ज (खालचा गंभीर षड्ज) येतच नाही, आणि खर्ज नसेल तर षड्जाला टेकायला जागा राहत नाही. ॲपमध्ये पहिली तार पंचमावर असते. मालकंस रागाला ती मध्यमावर घ्या, कारण त्यात पंचमच नाही. मारव्याला निषादावर. ही साधी गोष्ट विसरून मालकंसाचे आलाप पंचमाच्या नादात घोटणारे बरेच भेटतात.

हार्मोनियमवर मात्र रियाज करू नका. तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (अर्ध्या सुराचे १०० सेंट धरतात). फरक छोटा वाटतो, पण यमन रागात गंधार वादी (सर्वांत महत्त्वाचा सूर) आहे आणि परीक्षक नेमके तिथेच कान लावून असतात.

रोजचा पाऊण तास

रविवारी तीन तास गाऊन आठवडा भरून निघत नाही. रोज ४५ मिनिटं हवीत आणि त्यांची वाटणी अशी ठेवता येते.

पहिली दहा मिनिटं खर्ज आणि मंद्र सप्तक, प्रत्येक सूर एका श्वासात, आकारात (‘आ’ म्हणत). पुढची दहा अलंकार किंवा पलटे (ठरावीक क्रमाने फिरणारे स्वरसमूह): लय मिनिटाला ६० मात्रा, आधी मात्रेला एक सूर, मग दोन, मग चार. सलग तीनदा स्वच्छ आलं तरच लय ५ मात्रांनी वाढवायची. तानेची घाई इथेच नडते. कच्चा पलटा वेगात गायला की चुकीची वाट गळ्यात बसते, आणि ती काढायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

त्यानंतर वीस मिनिटं चालू राग. बंदिश आधी न गाता, हातावर ताल धरून नुसती बोलायची. तीनतालातले अनेक छोटे ख्याल नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून (टाळी न देता मोजायच्या मात्रेपासून) उठतात. मुखडा (बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) कोणत्या मात्रेवर उचलायचा आणि सम (तालाची पहिली मात्रा) कोणत्या अक्षरावर पडते, हे वहीत लिहून ठेवा. मग सूर. शेवटची पाच मिनिटं फक्त ताल: तोंडाने ठेका, हाताने टाळी-खाली.

आठवड्यातून एकदा ही चाचणी घ्या. बंदिश सुरू असताना तंबोरा बंद करा, स्थायीची (बंदिशीच्या पहिल्या भागाची) दोन आवर्तनं गा, तंबोरा पुन्हा लावा. षड्ज कुठे घसरला ते लगेच कळतं. बहुतेकांचा अंतऱ्यावरून (दुसऱ्या, वरच्या भागावरून) परत येताना उतरतो, कारण तार षड्ज ओढून गायलेला असतो. उपाय म्हणजे अंतरा काही दिवस अर्ध्या लयीत आणि हलक्या आवाजात.

तबल्याचा मायनर घेणाऱ्यांसाठी थोडं

पहिला तबला सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा घ्या. पावसाळ्यात पुडी (तबल्याचं कातडं) ओलावा धरते आणि सूर उतरतो. म्हणून गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून खूप चढवू नका, उन्हाळ्यात तीच पुडी फाटते. रियाज नेहमी लेहऱ्यावर, म्हणजे तालभर फिरत राहणाऱ्या धुनेवर करा. नुसत्या मेट्रोनोमवर कायदा (विस्तार करायची ठरावीक बोलांची रचना) बसतो, पण समेवर येण्याचा अंदाज येत नाही. परीक्षेत कायदा वाजवण्याआधी तो बोलून दाखवायला सांगतात, आणि हात चांगला असलेले विद्यार्थी या पढंतीत अडकतात.

सिद्धांताच्या पेपरात गुण कुठे जातात

सगळ्यात जास्त स्वरलिपीत. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) या दोघांच्या पद्धती महाराष्ट्रात चालतात, आणि विद्यार्थी वर्गातली एक आणि शिकवणीतली दुसरी यांची खिचडी करतात. भातखंडे पद्धतीत सुरावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत तेच टिंब मंद्र सप्तकाचं. भातखंड्यांच्या लिपीत मध्यमावर उभी रेघ आली की तो तीव्र मध्यम. पलुस्करांच्या लिपीत उभी रेघ तार सप्तक दाखवते. कोमल सुराला एकाकडे खाली आडवी रेघ, दुसऱ्याकडे हलन्त. तालात तर आणखी गंमत आहे. भातखंडे समेला × हे चिन्ह देतात, पलुस्कर खालीला +. घाईच्या अक्षरात ही दोन्ही सारखीच दिसतात आणि सम-खाली उलटीपालटी होते. तुमच्या अभ्यासक्रमात कोणती पद्धत धरली आहे ते पाहा, उत्तराच्या डोक्यावर तिचं नाव लिहा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

एका थाटातून (रागांचा गट ठरवणाऱ्या स्वरचौकटीतून) ४८४ राग कसे, हा प्रश्न पाठ करून लिहू नका. थाटात सात सूर. षड्ज सोडता येत नाही, उरलेले सहा. एकही न गाळता संपूर्ण आरोह एका प्रकारे होतो, एक गाळून षाडव ६ प्रकारे, दोन गाळून औडव १५ प्रकारे. बेरीज २२. आरोह २२ आणि अवरोहही २२, गुणाकार ४८४. (या २२ चा आणि सप्तकातल्या २२ श्रुतींचा (सूक्ष्म सुरांचा) काही संबंध नाही. उत्तरपत्रिकांत तो हमखास जोडला जातो.)

लयकारीचंही असंच गणित मांडा. तीनतालाची तिगून (तिप्पट लय) एकदाच घेऊन समेवर यायचं असेल तर १६ भागिले ३, म्हणजे ५⅓ मात्रा लागतात. १६ मधून त्या वजा केल्या की १०⅔ उरतात. म्हणून अकराव्या मात्रेतले पहिले दोन भाग रिकामे आणि तिसऱ्या भागात ‘धा’. पुढे बारावीपासून ‘धिं धिं धा’, ‘धा धिं धिं’, ‘धा धा तिं’, ‘तिं ता ता’, ‘धिं धिं धा’ आणि सम. झपताल आणि एकतालाच्या दुगुनी याच रीतीने अनुक्रमे सहाव्या आणि सातव्या मात्रेपासून उठतात. रूपकात मात्र सावध राहा, सात मात्रांच्या या तालात समेवरच खाली आहे.

रागांची तुलना विचारली की फक्त सुरांचा तक्ता पुरत नाही. भूप आणि देशकार दोन्हींत मध्यम-निषाद नाहीत, सूर अगदी तेच. भूप कल्याण थाटातला, वादी गंधार, रात्रीचा पहिला प्रहर. देशकार बिलावल थाटातला, वादी धैवत, सकाळचा. एवढं लिहून पुढे दोन्हींचे दोन-दोन छोटे स्वरसमूह दिले तरच उत्तर पूर्ण होतं.

मैफलीचा अहवाल हा अंतर्गत गुणांचा भाग असेल तर ‘वातावरण मंत्रमुग्ध झाले’ छापाची वाक्यं टाळा. राग, ताल, लय, बंदिशीचे सुरुवातीचे शब्द, साथीदार कोण, बडा ख्याल किती वेळ चालला, तानांचा भाग कुठे सुरू झाला, हे ऐकतानाच टिपा. पुण्यात डिसेंबरमधल्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात एका बैठकीत चार-पाच कलाकार ऐकायला मिळतात, तिथे अशी वही सहज भरते. फक्त सेमिस्टरच्या परीक्षेची तारीख आधी पाहा.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी

साथीला महाविद्यालय तबलजी बोलावतं. त्यांच्याबरोबर आधी एकदा तरी बसा आणि लय ठरवा. परीक्षेच्या धास्तीत विद्यार्थी नेहमीपेक्षा चढी लय सांगतात आणि मग ताना गुदमरतात. ‘मध्यलय’ म्हणून थांबू नका, मुखडा गुणगुणून दाखवा.

दहा मिनिटं मिळत असतील तर दीड मिनिट आलाप, मग स्थायी-अंतरा पूर्ण, मग बंदिशीतले चार आलाप, दोन बोल-ताना (शब्दांसह घेतलेल्या ताना), पाच-सहा ताना आणि तिहाईने (एकच तुकडा तीनदा घेऊन) शेवट. दोन आवर्तनांच्या ताना पुष्कळ झाल्या. आठ आवर्तनांची तान घेऊन सम हुकण्यापेक्षा एका आवर्तनाची मुखड्यावर अचूक आलेली बरी. सम हुकलीच तर थांबून माफी मागू नका, एक आवर्तन ठेका ऐका आणि मुखडा पुन्हा उचला. अभ्यासक्रमातला कोणताही राग मध्येच विचारला जातो. म्हणून मुख्य राग तयार असला तरी बाकीच्यांचे आरोह-अवरोह, पकड (रागाची ओळख पटवणारा स्वरसमूह) आणि एक सरगमगीत तोंडावर हवंच. शेवटी परीक्षक बहुधा चार सूर गाऊन ओळखायला लावतात. पलट्यांचा रियाज सरगममध्येही केलेला असेल तर हे जमतं, फक्त आकारात केलेला असेल तर नाही.

गांधर्वच्या परीक्षा आणि क्रेडिट

मायनरबरोबर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत राहणं चांगलं. त्यातली सुरुवातीची प्रवेशिका झालेल्याला मायनरचं पहिलं वर्ष हलकं जातं, आणि पुढे शिकवायचं असेल तर वरच्या विशारदला वजन आहे. अडचण तारखांची. मंडळाची सत्रं एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे सेमिस्टरच्या परीक्षांच्या अंगावर. ज्या सेमिस्टरला मेजरचे जड पेपर आहेत ती सोडून पुढच्या सत्राचा फॉर्म भरा. मधली मध्यमा परीक्षा झाली म्हणून महाविद्यालय आपोआप क्रेडिट देईल असं धरून चालू नका. लेखी उत्तर घ्या.

दर सेमिस्टरचा निकाल लागला की अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (क्रेडिट जमा ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन नोंदीच्या) खात्यात मायनरचे क्रेडिट वेगळे जमा झाले आहेत का ते पाहा. मायनरचे सगळे क्रेडिट पहिल्या तीन वर्षांतच पुरे करायचे असतात. त्यामुळे दुसऱ्या सेमिस्टरचा एखादा विषय राहिला असेल तर तो सहाव्यापर्यंत ढकलू नका, चौथ्याच्या आत काढा. प्रात्यक्षिकाची फेरपरीक्षा दर सत्रात होईलच असं नाही. परीक्षा विभागात तारीख विचारून ठेवा आणि ती मिळाल्यावर साथीदाराला लगेच कळवा.