ओरखडे पडलेल्या डिस्कमधून लग्नाचे व्हिडिओ आणि फोटो कसे वाचवावेत

पंधरा-वीस वर्षांपूर्वीची लग्नं, मुंजी, गड्ड्याच्या यात्रेतलं चित्रण सोलापुरात अजून कितीतरी घरांत फक्त सीडी-डीव्हीडीवरच आहे, तेही माळ्यावरच्या पेटीत. आपला उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो आणि घरी राइट केलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर उष्णतेने, उजेडाने खराब होतो. तेव्हा हे काम दिवाळीच्या साफसफाईवर ढकलू नका.

अडकणारी डिस्क आधी प्लेयरमध्ये पुन्हा पुन्हा लावणं थांबवा. ती उजेडासमोर धरा. सीडीत माहितीचा थर छापील बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. तिथून टाचणीएवढा उजेड आरपार आला तर तेवढी माहिती गेलीच. म्हणून वरचं स्टिकर कधी ओढून काढू नका. खालच्या बाजूचा ओरखडा मात्र बहुतेक वेळा फक्त लेझरची वाट अडवतो, आतली माहिती शाबूत असते. डीव्हीडीत हा थर ०.६ मिमीच्या दोन चकत्यांच्या मध्ये असल्याने तो वरच्या बाजूनेही जास्त सुरक्षित असतो.

आता पुसणं. सोलापुरी टॉवेल इथे नको. त्याच्या धाग्यांत अडकलेली धूळच डिस्कवर घासली जाते. चष्म्याचं मऊ कापड डिस्टिल्ड वॉटरने ओलसर करा आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. माहिती गोलाकार ओळीत लिहिलेली असते. आडवा ओरखडा प्रत्येक ओळीचा थोडाच भाग खातो आणि तो डिस्कवरच्या चूकदुरुस्तीच्या जादा माहितीतून भरून निघतो. गोल ओरखडा ओळच्या ओळ खातो. टूथपेस्टचा उपाय जो तो सांगतो. त्याने प्लॅस्टिक झिजतं, त्यामुळे निघेल तेवढी प्रत काढून होईपर्यंत त्याला हात लावू नका.

प्रत काढताना साधं कॉपी-पेस्ट उपयोगाचं नाही, पहिल्याच खराब जागी ते अडकून बसतं. फाइली सुट्या न उचलता आख्ख्या डिस्कची आयएसओ प्रतिमा, म्हणजे सगळी डिस्क जशीच्या तशी एकाच फाइलमध्ये, घ्या. लिनक्स चालणाऱ्या संगणकावर त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरून एका वेळी वाचायच्या तुकड्याचा, आकार २०४८ बाइट ठेवा. पहिल्या फेरीत सहज वाचता येईल तेवढंच उचलायला सांगा, अवघड जागा सोडू द्या. दुसऱ्या फेरीत त्याच जागांवर तीनेक प्रयत्न करू द्या. काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद ते मॅपफाइलमध्ये ठेवतं. ही मॅपफाइल जपा, सगळी मदार तिच्यावर आहे. विंडोजवर याच कामासाठी आयसोबस्टर हे सॉफ्टवेअर वापरा. त्याच्या काही सुविधांना पैसे पडतात. हँडीकॅममधली छोटी डिस्क फायनलाइज करायची, म्हणजे दुसऱ्या यंत्रांवर चालावी म्हणून शेवटी बंद करायची, राहिली असेल तर संगणक ती कोरी दाखवतो, तीही आयसोबस्टरने बऱ्याचदा उघडते.

काही भाग राहिलाच, तर ड्राइव्ह बदला. एकाला न वाचता आलेलं दुसऱ्याला वाचता येतं. जुन्या डेस्कटॉपमधला असो की यूएसबीला जोडायचा असो, तीच प्रतिमा आणि तीच मॅपफाइल देऊन डीडीरेस्क्यू पुन्हा चालवा. ते फक्त उरलेल्या जागा वाचेल.

याच पद्धतीने एक फार मोठं काम होतं. फोटोग्राफरने माहेरी एक आणि सासरी एक डीव्हीडी दिलेली असते. दोन्ही एकाच प्रतिमेवरून, हुबेहूब राइट केलेल्या असतील, तर माहेरच्या डिस्कमधली भोकं सासरच्या डिस्कवरून भरता येतात. दोन्हींचा आकार बाइटपर्यंत जुळतो का ते आधी बघा. नसेल जुळत, तर प्रतिमा वेगवेगळ्या काढा.

शेवटी व्हिडिओची आयएसओ फाइल व्हीएलसी या प्लेयर सॉफ्टवेअरमध्ये लावून पूर्ण बघा. फोटो एकेक करून उघडा, कारण अर्धवट वाचलेला फोटो यादीत चांगलाच दिसतो आणि उघडल्यावर खालचा भाग करडा निघतो. असे फोटो वेगळे काढून नातेवाइकांकडे त्यांची प्रत विचारा. मूळ आयएसओ न बदलता दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, आणि मूळ डिस्कही टाकू नका.