‘असे करू नये’ यामागचे कारण मुलांना कसे सांगावे

पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करावा, ताटात अन्न टाकू नये, तिन्हीसांजेला केर काढू नये, धाकट्या भावाला मारू नये. आपल्या घरांत ही चारही वाक्ये एकाच आवाजात उच्चारली जातात आणि त्यांतला भेद मुलाने आपला आपण ओळखावा, असे आपण गृहीत धरतो. तो भेद बोलून दाखवण्याची सवय प्रथम पालकांनी लावून घ्यावी.

त्यासाठी मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल यांच्या पद्धतीचा उपयोग होतो. मूल चार-पाच वर्षांचे झाले की त्याला विचारावे, ‘आजी हो म्हणाली, तर तिन्हीसांजेला केर काढलेला चालेल का?’ आणि थोड्या वेळाने, ‘आजी हो म्हणाली, तर भावाला मारलेले चालेल का?’ परवानगीने बदलतो तो रिवाज आणि परवानगी मिळूनही जे चुकीचेच राहते ती अनीती, हा फरक मुलाच्या उत्तरातून कळतो. उत्तर लगेच दुरुस्त करू नये, ‘का बरे?’ एवढेच विचारावे.

मात्र रिवाज म्हणजे दुय्यम, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी भुवनेश्वर आणि शिकागो येथील मुलांपुढे व प्रौढांपुढे 39 प्रसंग ठेवले होते; तो अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. वडील वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हा प्रसंग भुवनेश्वरच्या ब्राह्मण मुलांना अत्यंत गंभीर अपराध वाटला, तर शिकागोच्या मुलांना त्यात काहीच वावगे दिसले नाही. ज्याने घरात सुतक पाळलेले पाहिले आहे, त्याच्या लेखी तो गेलेल्या माणसाशी केलेला द्रोह असतो.

म्हणून मुलाला उत्तर देण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना कारण विचारावे, शक्यतो मुलाच्या देखतच. पुस्तकाच्या नमस्कारामागे विद्येविषयीचा आदर असेल, तर तो तशाच शब्दांत सांगावा. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात केराबरोबर एखादी मोलाची वस्तू जाईल, एवढेच केराचे कारण निघाले, तर आता घरात वीज आहे हेही मोकळेपणाने मान्य करावे. त्याने आजीचा मान कमी होत नाही.

खरी कसोटी पुढे आहे. घरकामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा का, असे मूल एके दिवशी विचारते आणि आपण ‘तशी पद्धत आहे’ म्हणून वेळ मारून नेतो. मुलाने मात्र तो कप रोज पाहिलेला असतो, आणि काही न सांगताच माणसांत प्रतवारी असते हे तो त्याला शिकवून गेलेला असतो. अशा नियमाचे कारण मावशींच्या समोर उच्चारता येईल का, हे आधी स्वतःला विचारावे. येत नसेल, तर मुलाला प्रवचन न देता दुसऱ्या दिवशीचा चहा सगळ्यांना सारख्याच कपांतून द्यावा, आणि ते कप मुलालाच मांडायला सांगावे.