खात्यातून विम्याचा अनोळखी हप्ता कापला गेला? या चुका टाळा

पासबुक भरून आणलं आणि मधेच एक ओळ दिसली: इंग्रजी अक्षरांची मालिका, पुढे ४३६ रुपये वजा. किंवा स्टेटमेंटमध्ये 'एसीएच' असं काहीतरी, मग एका कंपनीचं अर्धवट नाव आणि काही हजारांची रक्कम. आपण तर कुठला विमा घेतलेला आठवत नाही. अशा वेळी माणूस चिडतो, आणि ते साहजिकच आहे. पण त्या चिडीत जे केलं जातं, त्यातून कधीकधी कापलेल्या रकमेपेक्षा फार मोठं नुकसान होतं. म्हणून आधी ती ओळ नीट वाचायची.

रक्कम न वाचताच फसवणूक ठरवणे

बचत खात्यांवरच्या पुष्कळशा अनोळखी कपाती केंद्र सरकारच्या दोन योजनांच्या असतात, आणि त्या रकमेवरूनच ओळखू येतात. वर्षाला २० रुपये म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, अपघाताची. ४३६ रुपये म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर वारसाला २ लाख देणारी. पासबुकात 'पीएमएसबीवाय' आणि 'पीएमजेजेबीवाय' अशी आद्याक्षरं छापलेली असतात. दोन्ही योजना २०१५ पासून आहेत. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं, त्यामुळे कपात मेच्या शेवटच्या आठवड्यात होते. ३१ मे २०२२ पर्यंत हेच हप्ते १२ आणि ३३० रुपये होते. जुनं पासबुक चाळताना वेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका.

जीवन ज्योतीत वर्षाच्या मध्येच नाव घातलं असेल, तर पहिल्या वर्षी ३४२, २२८ किंवा ११४ रुपयेही दिसतील. सप्टेंबरपासून, डिसेंबरपासून आणि मार्चपासून सामील होणाऱ्यांसाठी हे कमी केलेले हप्ते आहेत. पुढच्या मेपासून पूर्ण ४३६.

मग "मी सही केलीच नव्हती" याचं काय? खातं उघडताना पुढे सरकवलेल्या कागदांत संमतीचा फॉर्म असू शकतो, किंवा नेट बँकिंगवर, मेसेजला उत्तर देऊन होकार गेलेला असू शकतो. शाखेत जाऊन संमतीपत्राची प्रत मागा. तो तुमचा हक्क आहे. संमती दाखवता आली नाही, तर रक्कम परत मागण्याचा अर्ज तिथेच द्या आणि त्याची पोच घ्या.

घाईने विमा बंद करणे

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. ४३६ रुपये "उगाच जातात" म्हणून घरातला कर्ता माणूस कपात बंद करून येतो आणि घरच्यांना त्यातलं काही ठाऊक नसतं. जीवन ज्योतीत १८ ते ५० वयात सामील होता येतं, आणि हप्ता चालू ठेवला तर संरक्षण ५५ पर्यंत मिळतं. एकदा बाहेर पडून पुन्हा आलात तर पहिले ३० दिवस अपघाताखेरीज इतर कारणाने झालेल्या मृत्यूला भरपाई मिळत नाही. पन्नाशी ओलांडल्यावर बाहेर पडलात तर परतीची वाटच बंद. आजारपण असलेल्या घरात तर हा निर्णय एकट्याने घेऊच नये.

याची दुसरी बाजू अधिक दुःखद आहे. माणूस जातो, पासबुक कपाटात राहतं, त्यातली ती ओळ कोणी वाचत नाही आणि हक्काचे २ लाख मागितलेच जात नाहीत. या योजनांत जाडजूड पॉलिसी घरी येत नाही. बहुतेक कुटुंबांकडे विम्याची खूण म्हणून पासबुकातली नोंदच काय ती असते. घरात कोणाचं निधन झालं असेल, तर त्यांच्या प्रत्येक खात्याचं मागच्या वर्षाचं स्टेटमेंट काढा आणि २० व ४३६ हे आकडे शोधा. नोंद सापडली तर त्याच शाखेत दाव्याचा फॉर्म मिळतो. अपघाती मृत्यूसाठी पोलिसांकडची नोंद आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. सर्पदंश किंवा झाडावरून पडणं अशा घटनांत तातडीने नेलेल्या रुग्णालयाची कागदपत्रं महत्त्वाची ठरतात. गावाकडे ती फेकून दिली जातात. जपून ठेवा. आणि आजच खात्रीने पाहून घ्या की विम्याच्या नोंदीत वारसदाराचं नाव आहे आणि ते बरोबर आहे.

तोच विमा तीन खात्यांतून चालू ठेवणे

पगाराचं खातं एका बँकेत, गावचं दुसऱ्या, अनुदानासाठी उघडलेलं तिसऱ्या. आणि तिन्हींतून ४३६ रुपये जातात. तीन हप्ते भरले म्हणून ६ लाख मिळत नाहीत. भरपाई २ लाखांचीच, जास्तीचे हप्ते जप्त होऊ शकतात. ज्या खात्यात मेअखेर शिल्लक नक्की असते त्यावर विमा ठेवा, बाकीच्या ठिकाणी लेखी अर्ज देऊन बंद करा. वयाची मर्यादा ओलांडल्यावरही, म्हणजे जीवन ज्योतीला ५५ आणि सुरक्षा विम्याला ७०, कपात सुरू दिसली तर तसाच अर्ज द्या.

'अटल पेन्शन'ची कपात मात्र वेगळी असते. तो विमा नाही. ती दर महिन्याला, तिमाहीला किंवा सहामाहीला जाते, त्यामुळे वारंवार दिसते.

मोठी रक्कम दिसली की फक्त बँकेशी भांडणे

'एसीएच' लिहिलेली हजारांतली कपात बहुधा तुम्ही किंवा घरातल्या कोणीतरी दिलेल्या ऑटो डेबिटच्या, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याच्या, परवानगीवर होते. अशा परवानगीला, म्हणजे मँडेटला, 'यूएमआरएन' नावाचा स्वतंत्र क्रमांक असतो. बँकेकडून तो क्रमांक, कंपनीचं पूर्ण नाव, परवानगी दिल्याची तारीख आणि कमाल रक्कम लिहून घ्या. मग कंपनीला पॉलिसी क्रमांक आणि विमाधारकाचं नाव विचारा. पुष्कळदा उत्तर घरातच निघतं: मुलाने आईवडिलांसाठी घेतलेला आरोग्य विमा, नवऱ्याची वार्षिक हप्त्याची पॉलिसी. वर्षातून एकदाच जाणारा हप्ता विसरला जातो. यूपीआयवरून परवानगी दिली असेल तर त्याच ॲपच्या 'ऑटोपे' यादीत ती दिसेल. कार्ड किंवा यूपीआयवरच्या अशा कपातीआधी किमान २४ तास सूचना यायला हवी, तेव्हा जुने मेसेजही पाहा.

ओळखीचा हप्ता पण अनोळखी रक्कम, असंही होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही. समूह विम्यावर तो आजही आहे. आरोग्य विम्याचा हप्ता वय वाढेल तसा चढतो.

गृहकर्ज किंवा वैयक्तिक कर्ज घेतलं असेल तर कर्जमंजुरीचं पत्र काढून वाचा. कर्ज संरक्षण विम्याचा एकरकमी हप्ता अनेकदा कर्जातच मिळवलेला असतो. म्हणजे मंजूर रक्कम एक आणि हाती आलेली त्याहून कमी. त्या हप्त्यावरही पुढची वर्षानुवर्षं व्याज भरलं जातं. बँकेकडूनच विमा घेतला पाहिजे अशी सक्ती बँकेला करता येत नाही, तोंडी काहीही सांगितलेलं असो. कर्ज मुदतीआधी फेडलंत तर उरलेल्या काळाच्या हप्त्यातलं काही परत मिळतं का, हे विमा कंपनीला लेखी विचारा. न विचारता ते सहसा कोणी देत नाही.

कोणी "तुमच्या ठेवींच्या विम्याचा हप्ता" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. बँकेतल्या ठेवींवरचा ५ लाखांपर्यंतचा विमा असतोच, आणि त्याचा हप्ता बँक स्वतः भरते.

पीक कर्ज खात्यातली कपात न तपासणे

महाराष्ट्रातली एक रुपयातली पीक विमा योजना २०२३ च्या खरिपात आली आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. त्यामुळे एक रुपयाची सवय झालेल्या शेतकऱ्यांना कर्ज खात्यातली मोठी कपात धक्का देते. शेतकऱ्याचा वाटा विमा रकमेच्या खरिपाला कमाल २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी आणि फळपिकांना ५ टक्के. कर्जदार शेतकऱ्यालाही हा विमा २०२० च्या खरिपापासून ऐच्छिक आहे. पण नको असेल तर अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या किमान ७ दिवस आधी बँकेला लेखी कळवावं लागतं, नाहीतर हप्ता कापला जातो. विमा हवा असेल तर पावतीवरचा गट क्रमांक, क्षेत्र आणि पीक स्वतः पाहा. कर्ज कापसावर आणि शेतात सोयाबीन, असं असेल तर मुदतीआधी दुरुस्ती करून घ्या. बँकेने विमा काढलेल्या त्याच क्षेत्राचा सेवा केंद्रातून पुन्हा विमा काढू नका.

इंटरनेटवर सापडलेल्या नंबरवर फोन करणे

घाबरलेला माणूस शोधतो तो "विमा रद्द करण्याचा नंबर", आणि तिथेच भामटे दबा धरून असतात. पैसे परत करतो म्हणून ओटीपी मागितला, लिंक पाठवली किंवा मोबाइलवर ॲप टाकायला सांगितलं, की फोन ठेवा. नंबर पासबुकावरचा, कार्डाच्या मागचा किंवा पॉलिसीवरचाच वापरा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला ३ कामकाजी दिवसांच्या आत कळवा. उशीर होईल तशी तुमच्यावरची जबाबदारी वाढते.

खातं रिकामं ठेवून हप्ता चुकवणे

यातून पॉलिसी रीतसर बंद होत नाही. उलट परत गेलेल्या प्रत्येक कपातीला दंड लागतो. मँडेट रद्द करण्याचा अर्ज बँकेला आणि पॉलिसी बंद करण्याचा अर्ज विमा कंपनीला, अशी दोन पत्रं लागतात. नवी पॉलिसी गळ्यात मारली गेली असेल तर कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. मधल्या काळातल्या जोखमीचा हप्ता, मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च एवढंच वजा होऊन बाकी पैसे मिळतात. हे ३० दिवस जाऊ देऊ नका.

तक्रार तोंडी ठेवू नका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८. विमा कंपनीबद्दलची तक्रार आधी कंपनीकडे, मग विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर. तिथेही सुटलं नाही तर विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. सोबत न्यायचं ते एवढंच: कपातीची नोंद असलेलं स्टेटमेंट, तुमच्या अर्जाची पोच आणि मिळालेलं उत्तर.