कबूल केलेले पैसे थकले, तर: अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंनी संघ सोडण्यापूर्वी काय करावे

सप्टेंबर २०२४ मध्ये लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने हंगामातील पहिले तिन्ही सामने जिंकले होते, आणि नेमक्या त्याच वेळी संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेला प्रमुख खेळाडू, मॅथ्यू स्लुका याने उरलेला हंगाम खेळणार नसल्याचे जाहीर केले. एका सहायक प्रशिक्षकाने एक लाख डॉलर देण्याचे तोंडी कबूल केले होते आणि प्रत्यक्षात सामान हलवण्याच्या खर्चापोटी तीन हजार डॉलरच मिळाले, असे त्याच्या बाजूचे म्हणणे होते. विद्यापीठाने आरोप फेटाळले. कोण खरे हे ठरवायला लेखी काहीच नव्हते. अमेरिकेत वाढलेली मराठी मुले आणि टेनिस किंवा स्क्वॉशच्या शिष्यवृत्तीवर भारतातून तिकडे जाणारे विद्यार्थी याच व्यवस्थेत खेळतात, म्हणून त्यांनी व त्यांच्या पालकांनी पुढील गोष्टी प्रवेशापूर्वीच समजून घ्याव्यात.

पैसे नेमके कोण देणार, हे आधी विचारावे. १ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःचे नाव, छायाचित्र आणि प्रसिद्धी यांच्या वापराचा मोबदला (इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एनआयएल’) घेता येऊ लागला. परंतु तो जाहिरातदार कंपन्यांकडून किंवा संघाच्या देणगीदारांनी उभारलेल्या ‘कलेक्टिव्ह’कडून येत असे. महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएए हिच्याविरुद्ध खेळाडूंनी लढवलेल्या हाउस खटल्यातील तडजोड न्यायालयाने जून २०२५ मध्ये मंजूर केल्यानंतर, त्यात सहभागी विद्यापीठे स्वतःही खेळाडूंना पैसे देऊ शकतात, आणि पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर इतकी होती. बोलणी प्रशिक्षक करतो, पण करारावर सही दुसऱ्याच कोणाची तरी असते. ज्याला सही करण्याचा अधिकार नाही, त्याच्या शब्दावर विसंबून विद्यापीठ निवडू नये.

फोनवर किंवा भेटीत रक्कम सांगितली गेली, तर त्याच संध्याकाळी ई-मेल पाठवावा: “आज दुपारी आपण सांगितल्याप्रमाणे मला दरमहा अमुक रक्कम, अमुक संस्थेकडून, ऑगस्टपासून मिळणार आहे, यात काही चूक असल्यास कृपया कळवावे.” उत्तर आले तर उत्तमच. आले नाही, तरी तारखेसह नोंद राहते, आणि पुढे वकिलाला पहिल्यांदा तीच लागते.

लेखी करार हातात आला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. जेडन रशाडा या क्वार्टरबॅकला फ्लोरिडा विद्यापीठाकडे वळवताना १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा करार झाला होता. तो डिसेंबर २०२२ मध्ये रद्द केल्याचे पत्र आले, आणि मे २०२४ मध्ये त्याला न्यायालयात जावे लागले. म्हणून रकमेचा आकडा वाचण्याआधी करार कोण, केव्हा आणि किती दिवसांच्या सूचनेने रद्द करू शकतो, हे कलम वाचावे. हप्त्यांच्या तारखा, दुखापत झाल्यास काय, प्रशिक्षक बदलल्यास काय, खेळाडूने संघ सोडल्यास त्याला किती रक्कम परत करावी लागेल, आणि तंटा न्यायालयात जाईल की लवादापुढे, हेही त्यात स्पष्ट हवे. बाहेरच्या कंपनीशी झालेला ६०० डॉलर किंवा अधिक रकमेचा करार ‘एनआयएल गो’ या यंत्रणेकडे नोंदवावा लागतो. सही करण्यापूर्वी स्वतःच्या वकिलाकडून करार तपासून घ्यावा. विद्यापीठाने किंवा एजंटाने सुचवलेला वकील शक्यतो टाळावा.

हप्ता थकलाच, तर सराव चुकवू नये. खेळाडू गैरहजर राहिला की त्यानेच करार मोडला असे म्हणायला समोरच्या पक्षाला जागा मिळते, आणि न्याय्य मागणीही कमकुवत होते. थकलेली रक्कम, कराराचे कलम आणि पैसे देण्याची मुदत नमूद करून लेखी मागणी करावी व तिची प्रत विद्यापीठाच्या नियमपालन कार्यालयाला द्यावी. दरम्यान सोडून जाण्याची किंमत शांतपणे मोजावी. महाविद्यालयीन खेळाडूला ठरावीक वर्षेच खेळता येते; २०२४ च्या नियमांनुसार फुटबॉलमध्ये चारपेक्षा जास्त सामने न खेळल्यास ते वर्ष सहसा त्यात धरले जात नसे, म्हणून स्लुकाला पुढच्या हंगामात खेळता आले. इतर खेळांचे नियम वेगळे आहेत. विद्यापीठ बदलू इच्छिणारे खेळाडू ज्यात नाव नोंदवतात, त्या संघबदलाच्या ऑनलाइन पोर्टलची मुदतही ठरलेली असते, आणि २०२६ साठी फुटबॉलची एकच मुदत होती, २ ते १६ जानेवारी. पोर्टलमध्ये नाव गेले की विद्यापीठ शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवीलच असे नाही, म्हणून आपल्या शिष्यवृत्तीचे पुढे काय होईल, हे विद्यापीठाकडून लेखी घेतल्याशिवाय नाव घालू नये, असे माझे ठाम मत आहे.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्यांची जोखीम याहून मोठी आहे आणि प्रशिक्षक तिच्याबद्दल क्वचितच बोलतात. परवानगीविना केलेले काम व्हिसाच्या अटींचा भंग ठरते, आणि अमेरिकेत राहून केलेले जाहिरातीचे चित्रीकरण काम मानले जाऊ शकते. अशा विद्यार्थ्याने पैशाचे आश्वासन स्वीकारण्यापूर्वीच इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे. विद्यापीठ बदलायचे झाल्यास परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाकडून आपली सेव्हिस नोंद (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारकडील नोंद) नव्या विद्यापीठाकडे हस्तांतरित करून घेतल्याशिवाय जुने सोडू नये.

निरोपाच्या वेळी पुढे केल्या जाणाऱ्या मुक्ततापत्रात अनेकदा ‘यापुढे कोणताही दावा राहणार नाही’ असे वाक्य असते. थकलेली रक्कम प्रत्यक्ष बँक खात्यात जमा होईपर्यंत, किंवा ती केव्हा मिळणार हे त्याच पत्रात तारखेसह लिहिले जाईपर्यंत, त्यावर सही करू नये.