चॅरिटी शॉपला सोफा-फ्रिज देताय? या चुका टाळा

गेली सात वर्षं दर शनिवारी मी इंग्लंडमध्ये रेडिंगला एका चॅरिटीच्या फर्निचरच्या दुकानात व्हॉलंटियर म्हणून जाते. सोफे, कपाटं, वॉशिंग मशीन, टीव्ही, डायनिंग टेबलं, सगळं लोकांनी दिलेलं. आम्ही ते पुसतो, तपासतो, विकतो आणि पैसे चॅरिटीला जातात. आणि सात वर्षं त्याच त्याच चुका बघतेय. त्यात आपली मराठी मंडळी बरीच असतात, कारण इथली नोकरीची मुदत संपली की दोन-तीन आठवड्यांत अख्खं घर रिकामं करायचं असतं, आणि सामानाचा विचार विमानाचं तिकीट हातात पडल्यावर सुरू होतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, हे दुकान आहे. आपल्याकडे जुना पलंग कामाच्या मावशींना दिला, वॉचमनला दिला, की ते ठाकठोक करून वापरतात, म्हणून "कुणाच्या तरी उपयोगी पडेल" हे आपल्या तोंडात बसलंय. इथे ती वस्तू आम्हाला कायद्याने विकता आली पाहिजे आणि गिऱ्हाइकाला पैसे मोजून घ्यावीशी वाटली पाहिजे. नाहीतर ती फेकायचा खर्च चॅरिटीच्या खिशातून जातो.

सोफ्याचं लेबल कापणं

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि करणाऱ्याला ती केल्याचं आठवतही नाही.

एका कुटुंबाची गोष्ट सांगते. नवरा-बायको आणि लहान मुलगा, चार वर्षं इथे राहून पुण्याला परत चालले होते. तीन सीटचा राखाडी सोफा, बाराशे पौंडांना घेतलेला, एक डाग नाही. वहिनींचा फोन आला, "ताई, सोफा अगदी नवा आहे हो, ऑनलाइन विकून घासाघीस करत बसायची इच्छा नाही, चांगल्या कामाला जाऊ दे." मला फार बरं वाटलं, मीच दुकानात सांगून शुक्रवारची व्हॅन लावून दिली. मंगळवारी त्यांचं विमान.

आमच्या ड्रायव्हरने आल्या आल्या सीटच्या गाद्या उचलल्या, फटीत हात घालून बघितलं, मग सोफा पुढे कलंडवून बुडाशी बघितलं आणि मान हलवली. लेबल नाही. शिवणीत पांढऱ्या कापडाची बोटभर पट्टी तेवढी राहिलेली, कात्रीने सरळ कापलेली. झालं असं होतं की पहिल्या उन्हाळ्यात आजी पुण्याहून आल्या होत्या, नातू सोफ्यावर उड्या मारायचा आणि ते लेबल त्याच्या पायाला टोचायचं, म्हणून आजींनी कापून टाकलं. नातवाच्या मायेपोटीच कापलं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वहिनींनी बिल दाखवलं, सोफा घेतला तेव्हा त्याला लटकवलेला पुठ्ठ्याचा टॅगसुद्धा त्यांनी फाइलमध्ये जपून ठेवला होता, तोही दाखवला. पण तो टॅग वेगळा आणि शिवलेलं कायमचं लेबल वेगळं, दुकानाला ते शिवलेलंच लागतं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'केअरलेसनेस कॉजेस फायर' असं लिहिलेलं असतं, तेच शोधायचं.

लोकांना वाटतं हा इथल्या लोकांचा नुसता कागदीपणा. तसं नाहीये. मे १९७९ मध्ये मँचेस्टरच्या वुलवर्थ्स दुकानात फर्निचर विभागात आग लागली, सोफ्यांमधला फोम पेटला की त्याचा विषारी धूर किती पटकन भरतो ते तेव्हा सगळ्यांना दिसलं, १० माणसं गेली. पुढे १९८८ मध्ये फर्निचरच्या आगीबद्दलचे नियम आले आणि १९९३ पासून ते जुन्या, वापरलेल्या फर्निचरच्या विक्रीलाही लागू झाले. फोम आगीला टिकणारा आहे हे ओळखायला दुकानापाशी त्या लेबलाशिवाय दुसरं काहीच नसतं. आमचा ड्रायव्हर नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडू नका, तो त्याचं काम नीट करतोय.

त्या सोफ्याचं पुढे काय झालं तेही ऐका. काउन्सिलची, म्हणजे इथल्या महापालिकेची, मोठं सामान उचलायची तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळत होती, घरमालकाला घर रिकामं हवं, नाहीतर डिपॉझिट कापणार. शेवटी पैसे देऊन एक परवानाधारक व्हॅनवाला बोलवावा लागला आणि सोफा कचऱ्यात गेला. कचऱ्यात गेला म्हणजे जाळला गेला, कारण जुन्या सोफ्यांच्या फोममध्ये आणि कापडात घातक रसायनं असतात म्हणून जानेवारी २०२३ पासून इंग्लंडमध्ये असे सोफे पुरायला बंदी आहे, ते वेगळे ठेवून जाळावेच लागतात. बाराशे पौंडांचा, एकही डाग नसलेला सोफा. मला तो अजून आठवतो.

माझी सवय सांगते. सोफा घरी आला त्या दिवशीच लेबलाचा फोटो काढायचा आणि बिलाच्या फोटोबरोबर ठेवून द्यायचा, म्हणजे द्यायच्या वेळी शोधाशोध नाही. लेबल टोचत असेल तर आत दुमडून दोन टाके घाला, कात्री लावू नका. आणि घरी सासू-सासरे, आई-वडील येणार असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा, कारण टोचणारं लेबल कापणं ही आपल्याकडच्या प्रत्येक आजीची सवय आहे. पलंगाचं गुबगुबीत हेडबोर्ड, बीन बॅग, फोमच्या सीटच्या खुर्च्या, सगळ्याला हाच नियम. नुसत्या लाकडी सामानाला लेबल लागत नाही आणि १९५० च्या आधीच्या फर्निचरला या नियमातून सूट आहे, पण तसं आपल्यापैकी किती जणांकडे असतं.

बंद दुकानाच्या दाराशी सामान ठेवून जाणं

याचा मला मनापासून राग येतो आणि तो मी लपवत नाही.

ईस्टरची सुट्टी असते ना, शुक्रवार ते सोमवार, त्यानंतरच्या मंगळवारी मला दुकान उघडायला बोलावलं होतं. दारासमोर एक ओक लाकडाचं टेबल, चार ड्रॉवरचं कपाट, एक मायक्रोवेव्ह, रजयांच्या दोन पिशव्या आणि खेळणी. रविवारी रात्रभर पाऊस झाला होता. कपाटाचा वरचा पापुद्रा फुगून सुटला होता, ड्रॉवर उघडेनात, रजया पाणी पिऊन इतक्या जड की दोघांना उचलवेनात, मायक्रोवेव्हच्या काचेमागे पाणी दिसत होतं. रात्री कुणीतरी पिशव्या फाडून उपसल्या होत्या, खेळणी फुटपाथभर. आणि टेबलावर चिकटवलेली चिठ्ठी, भिजून शाई पसरलेली, "कुणाच्या तरी कामी येवो." म्हणजे ज्याने ठेवलं त्याचा हेतू चांगलाच होता, ते टेबल तर आम्ही दुपारपर्यंत विकलं असतं. पण त्यातलं काहीही विकता आलं नाही. कचरा उचलायचे पैसे आम्ही भरले, सकाळचे तीन तास त्यात गेले, आणि ज्या पैशांतून कुणाला तरी मदत व्हायची त्यातले काही भंगारवाल्याला गेले.

शिवाय हे बेकायदा आहे. १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली असं सामान टाकून जाणं हा गुन्हा धरला जाऊ शकतो, आणि दुकानांबाहेर कॅमेरे असतात. व्हिसावर असताना ही भानगड कशाला ओढवून घ्यायची?

दुकान बंद असेल तर सामान गाडीत परत न्या. गाडी दुसऱ्याची असेल, तासावर भाड्याने घेतली असेल, तरी परत न्या. मी स्वतः माझ्या मैत्रिणीचं टेबल दोनदा परत नेलंय आणि तिसऱ्यांदा दिलंय. "आत्ताच्या आत्ता घरातून गेलं पाहिजे" ही घाई तुमची आहे, तिची किंमत चॅरिटीने मोजू नये.

भारतातून आणलेला मिक्सर देणं

दोन्ही देशांत वीज २३० व्होल्टचीच, त्यामुळे अडॅप्टर लावून आपला मिक्सर इथे सहा-सहा वर्षं मस्त चालतो, आणि जाताना वाटतं देऊन टाकू. पण त्याचा प्लग गोल पिनांचा. इथे विकायच्या वस्तूला इथलाच, आत फ्यूज असलेला चपट्या पिनांचा प्लग लागतो, १९९४ पासूनचा नियम आहे, आणि वर अडॅप्टर जोडून दिला तरी तो चालत नाही. काही जण घरीच वायर कापून नवीन प्लग बसवतात आणि तशी वस्तू आणतात, तसं अजिबात करू नका, तपासणारा माणूस ती वायर बघूनच बाजूला ठेवतो. मिक्सर, ग्राइंडर, इस्त्री हे मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाका, नव्याने आलेलं कुणीतरी अर्ध्या तासात घेऊन जातं.

इथे घेतलेली विजेची वस्तू द्यायची तर आधी फोन करून विचारा, कारण प्रत्येक वस्तूची सुरक्षा तपासणी करावी लागते आणि ती करता येणारा माणूस सगळ्या छोट्या दुकानांत नसतो. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनची फर्निचर आणि इलेक्ट्रिकलची खास मोठी दुकानं आहेत, ते घरी येऊन फुकट नेतात. इमेअस (Emmaus) हीही चांगली संस्था आहे, बेघर झालेल्या लोकांना राहायला जागा आणि काम देते, आणि त्यांचं बरंचसं काम अशा जुन्या सामानावरच चालतं.

फ्रिज चालू ठेवून व्हॅनची वाट बघणं

व्हॅन दहाला येणार आणि नऊपर्यंत फ्रिजमध्ये दूध. असं नको. चोवीस तास आधी बंद करा, बर्फ वितळू द्या, खाली टॉवेल टाका, आतून पुसा आणि दार थोडं उघडं ठेवून वाळू द्या. ओला फ्रिज बंद करून दोन दिवस ठेवला की बुरशी धरते. आणि वास. आपल्याला आपल्या घरातला लसणाचा, हिंगाचा, मसाल्यांचा वास येत नाही, पण फ्रिज उघडणाऱ्या गिऱ्हाइकाला येतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, दाराच्या रबराच्या घड्यांतून जुना टूथब्रश फिरवा, हळदीचे डाग तिथेच असतात. हे सगळं दुकानातले लोक करतील असं म्हणू नका, शनिवारी आम्ही तिघं असतो आणि वस्तू चाळीस.

वॉशिंग मशीनमधलं पाणी काढा. खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्याच्या आत फिल्टर, पसरट ताट किंवा परात लावून हळू उघडा. पाणी राहिलं तर ते सगळं जिन्याच्या कार्पेटवर सांडतं, आणि मग घरमालक आहेच.

कपडे सुकवायचा ड्रायर किंवा वॉशिंग मशीन असेल तर मॉडेल नंबर रिकॉलच्या, म्हणजे कंपनीने धोक्यामुळे परत मागवलेल्या वस्तूंच्या, यादीत आहे का ते तपासा. व्हर्लपूलच्या हॉटपॉइंट, इंडेसिट वगैरे नावांच्या ड्रायरमध्ये साठलेल्या फ्लफमुळे, म्हणजे कपड्यांच्या तुसामुळे, आग लागायचा धोका होता म्हणून २०१९ मध्ये मोठं रिकॉल झालं, आणि २०२० मध्ये त्याच दोन नावांच्या काही वॉशिंग मशीनचंही. अशी वस्तू कुणाला देऊच नका, अगदी मित्रालासुद्धा. कंपनीला कळवा.

गॅसची शेगडी बहुतेक दुकानं घेत नाहीत. आणि ती काढायलाही गॅस सेफ रजिस्टर्ड, म्हणजे गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेला, माणूसच बोलवा, यूट्यूब बघून स्वतः पाना लावू नका. मुलांची कार सीट कुणी घेत नाही, अपघातात बसलेला धक्का बाहेरून दिसत नाही. टीव्ही देताना रिमोट द्या आणि आपले सगळे अकाउंट काढून फॅक्टरी रिसेट करा.

पलंग सोडवून बोल्ट हरवणं

पलंग सोडवायचा, बोल्ट मूठभर काढून खिडकीत ठेवायचे, आणि पॅकिंगच्या धावपळीत ते कुठल्या तरी बॅगेतून नागपूरला पोचतात. एक बोल्ट नसला तरी आम्हाला पलंग विकता येत नाही, आणि तो नेमका बाजारात मिळत नाही. मी झिपच्या पिशवीत सगळे बोल्ट आणि ती वाकडी किल्ली घालते आणि पिशवी पलंगाच्याच फळीला टेपने गच्च चिकटवते. सोडवायच्या आधी जोडाचे दोन फोटोही काढते, आणि ते प्रिंट करून त्याच पिशवीत घालते.

व्हॅन शेवटच्या आठवड्यात मागणं

महिनाअखेरीला सगळ्यांचीच घरं रिकामी होतात, तेव्हा तारीख मिळत नाही. तीन आठवडे आधी बुक करा. जिना किती अरुंद आहे, लिफ्ट आहे का, खाली गाडी लावायला परमिट लागतं का हे फोनवर खरं सांगा. न सांगितलं तर माणसं तिसऱ्या मजल्यावर येऊन रिकाम्या हाताने जातात आणि तुमची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली असती ती वाया जाते. चार दिवस जमिनीवर गादी टाकून झोपायला लागलं तर झोपा, आपण लहानपणी झोपलोच आहोत.

गिफ्ट एडचा फॉर्म नको म्हणणं

"फॉर्मबिर्म नको हो, फुकट देतोय ना" असं म्हणून लोक निघून जातात, आणि मला त्यांना अडवून समजवावं लागतं. तुम्ही इथे टॅक्स भरत असाल तर या फॉर्ममुळे वस्तू विकून आलेल्या प्रत्येक पौंडामागे चॅरिटीला सरकारकडून २५ पेन्स जास्त मिळतात. १०० पौंडांचं टेबल विकलं की १२५. तुमच्या खिशातून काहीच जात नाही, फक्त त्या वर्षात तेवढा टॅक्स तुम्ही भरलेला असला पाहिजे. नाव, पत्ता, सही, दोन मिनिटांचं काम. तुम्हाला दिलेल्या नंबरचं स्टिकर वस्तूवर लागतं आणि ती विकली की तुम्हाला कळवतात. भारतात परत जाणाऱ्यांनी मात्र एवढं करा, फॉर्मवर इथल्या घराच्या पत्त्याबरोबर ईमेलही लिहा, कारण ते पत्र तुम्ही गेल्यावर येतं आणि नव्या भाडेकरूच्या दारात पडून राहतं. मेल आला की उघडून बघा, तुमचं डायनिंग टेबल कितीला गेलं ते त्यात लिहिलेलं असतं.